नवऱ्याची, नाहीतर वडिलांची

अप्पा,

तुम्हाला लिहायचं मी सात वर्षं पुढं ढकलत आले. कागद समोर घेतला की काहीतरी निघायचंच. कधी शाई संपलेली, कधी दारात बांगडीवाली, कधी नुसताच कंटाळा. करमाळ्याला असताना एकदा 'अप्पा' एवढं लिहून झालं होतं. तेवढ्यात एक शेळी माझ्या पिठाच्या पिशवीत तोंड घालून उभी दिसली. तिच्यामागं पळाले, तिच्या मालकिणीशी भांडले, भांडता भांडता तिच्याकडंच चहा प्याले, आणि कागद वाऱ्यानं कुठं गेला कोण जाणे. मी अशीच, तुम्हाला माहीत आहे. पण आज उठून जायला जागा नाही. सोलापुरातच आहे, दवाखान्यात, खिडकीशेजारच्या खाटेवर. दुपारचे तीन वाजलेत. उद्या सकाळी ऑपरेशन आहे, आणि काल मी इथल्या डॉक्टरांना नि सिस्टरला सांगून बसलेय की माझे वडील जिवंत आहेत, कुंभारीला असतात, आणि आज संध्याकाळपर्यंत येऊन सही करतील.

रागावू नका. म्हणजे रागावलात तरी चालेल, पण आधी ऐका. इथल्या फॉर्मच्या तळाला सहीची एक ओळ असते. बाईची सही चालत नाही. नवऱ्याची लागते, नाहीतर वडिलांची. मी डॉक्टरांना म्हटलं, "पोट माझं, दुखणं माझं, मीच सांगतेय काढा म्हणून. मग?" ते माणूस वाईट नाहीत. चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, "बाई, तू सत्तावीस वर्षांची. पिशवी काढायची, दोन्हीकडची अंडाशयं काढायची. आत्ता नसबंदीच्या धामधुमीत काय काय झालंय ते तुला माहीत नाही का? उद्या तुझ्या घरचं कोणी येऊन ओरडलं की आमच्या बाईला फसवून कापलं, तर मी कुठं जाऊ?" मग नवरा कुठं आहे विचारलं. म्हटलं, त्यानं टाकलंय, दुसरं लग्न केलंय. "आणि वडील?" अप्पा, माझ्या तोंडून आपोआप गेलं, आहेत. का गेलं ते मला अजून कळलेलं नाही. एकदा आहेत म्हटल्यावर मग गाव आलं, घर आलं, गुडघे दुखतात म्हणून यायला उशीर होतोय हेही आलं. इथली आया सकाळपासून मला छळतेय. "काय गं, तुजा बाप कुंभारीवरनं रांगत येतोय का काय? एवढ्यात मानूस काशीला जाऊन आलं असतं की." मी हसले. हसले की टाके उसवल्यासारखं ओटीपोटात ओढतं, आणि टाके तर अजून पडायचेत.

तुम्हाला रोगाचं नाव सांगते, तुम्हाला आवडलं असतं. तुम्ही कंपाउंडर होतात त्या दवाखान्यात औषधाच्या कंपनीचा माणूस आला की तुम्ही त्याला नवनवी नावं दोन-दोनदा म्हणायला लावायचात आणि मिक्श्चर ढवळताना ती पुटपुटत राहायचात. हे नाव असं आहे, एंडोमेट्रिऑसिस. मला पाठ व्हायला पुण्याहून सोलापूरपर्यंतची एसटी लागली. पिशवीच्या आत जे अस्तर असतं ना, तेच पिशवीच्या बाहेर, नको तिथं उगवतं. आतड्यावर, मागं, कुठंही. दर महिन्याला आतलं जसं पाझरतं तसं हेही पाझरतं, पण ह्याला बाहेर यायला वाट नाही. मग ते तिथंच साकळतं, चिकटतं, गाठी धरतं. पुण्याच्या डॉक्टरांनी बेंबीपाशी भोक पाडून दुर्बीण घातली आणि पाहिलं. म्हणाले, तुझ्या उजव्या बाजूला चॉकलेटची गाठ आहे. मला वाटलं थट्टा करतायत. तर खरंच डॉक्टर लोकांत तसं म्हणतात, जुनं रक्त चॉकलेटसारखं दिसतं म्हणून. चौदा वर्षं मी ज्याला पोटात दुखणं म्हणत होते, तुम्ही ज्याला पोट धरणं म्हणत होतात, त्याचं नाव गोळ्याबिस्किटाच्या दुकानातलं निघालं.

तेरा वर्षांची होते तेव्हाचा आपला स्वयंपाकघराचा कोपरा मला दिसतो. आई मी दोन वर्षांची असतानाच गेलेली, त्यामुळं घरात तुम्ही आणि मी. तुम्ही भाकरीचं पाणीसुद्धा दवाखान्यातल्या औंसाच्या ग्लासानं मोजून घ्यायचात, तरी भाकरी मात्र कधी जाड कधी पातळ. मी चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन पडलेय. घामानं परकर भिजलाय. शेजारच्या तेलगू मावशीनं सकाळी मला काय ते समजावून जुनी लुगडी फाडून दिलीत, आणि तुम्हाला दारातूनच खूण करून सांगितलंय. तुम्ही माझ्याकडं बघत नाही. तव्यावरची वीट गरम करून पंच्यात गुंडाळता, माझ्या पायाशी ठेवता, पायानंच पुढं सरकवता. मी ओरडले की म्हणता, "सुम्मनिरु, सुम्मनिरु." आपल्या अक्कलकोटकडच्या कन्नडात ह्याचा अर्थ उगी राहा असाही होतो आणि गप्प बस असाही. त्यातला कुठला ते मला त्या दिवशी कळलं नाही. त्यानंतर दर महिन्याला तुम्ही एक बाटली आणायचात, पुदिन्याच्या वासाची, गुलाबी. तिच्यावर डोसाची पट्टी मीच चिकटवायची. कागद घडी घालून कात्रीनं खाचा पाडायच्या, उघडला की एकसारख्या आठ कंगोऱ्यांची पट्टी. ते काम मला लई आवडायचं. दवाखान्यात बसून मी दुसऱ्यांच्या बाटल्यांच्याही पट्ट्या कापायची. शाळा मात्र आठवीत सुटली. महिन्यातले चार दिवस घरी, आणि उरलेल्या दिवसांतही मास्तरीणबाई विचारायच्या, "आज पोट कसं आहे?" सगळा वर्ग हसायचा. एकदा मी त्यांना म्हटलं, "बरं आहे, तुमचं कसं आहे?" तेव्हापासून शाळेचा आणि माझा संबंध तुटला.

लग्न मोहोळला झालं. सासऱ्यांचं पेंडीचं दुकान, सासूबाई, नवरा, दोन म्हशी. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची, म्हणजे मनात म्हणायची, कारण सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही आणि सासऱ्यानं सुनेशी बोलायचं नाही अशी त्या घराची रीत. दीड वर्षात त्यांचा माझा एक शब्द झाला नाही. काही हवं असलं तर ते म्हशीला सांगायचे. "पाणी तापलं न्हाई वाटतं आज," असं म्हशीकडं बघून. मी पाणी तापवायची. वर्षात दिवस गेले नाहीत, म्हणून सासूबाईंनी बोलायला सुरुवात केली. आणि दुखणं असं वाढलं की दुखायच्या दिवसांत नवरा जवळ आला तरी मी किंचाळायची, आणि दुखायचे दिवस सोडून जवळ आला तरी किंचाळायची. हे मी तुम्हाला लिहितेय, अप्पा. जिवंत माणसाला लिहिलं नसतं.

तेव्हा तुम्हीच मला माहेरी बोलावून घेतलंत, आणि तुमच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा येणाऱ्या बाई डॉक्टरांना दाखवलंत. पडद्याच्या आत मी आणि त्या. पडद्याच्या बाहेर तुम्ही पुड्या बांधत होतात, कागदाचा आवाज येत होता. त्यांनी रोगाचं नाव सांगितलं नाही, पण बाकी सगळं नीट सांगितलं. म्हणाल्या, ह्याच्यावर पक्कं औषध अजून कुठंच नाही. एक युक्ती आहे. पाळणा लांबवायच्या ज्या गोळ्या असतात ना, त्याच रोज घ्यायच्या, मध्ये खाडा नाही. शरीराला फसवायचं. त्याला वाटलं पाहिजे की तुला दिवस गेलेत. पाळी येणार नाही, मळमळेल, छाती भरून येईल. नऊ महिने असं राहिलीस तर आतलं वाळेल, आणि मग गोळ्या सोडल्यावर कदाचित खरंच मूल राहील. "घरी सांग सगळ्यांना, म्हणजे घोटाळा नको," असंही म्हणाल्या. बाहेर आल्यावर तुम्ही पाकिटं माझ्या हातात दिलीत, आणि भिंतीकडं बघत विचारलंत, "कळलं का सगळं?" मी मान हलवली.

मोहोळला गेले आणि पाळी थांबली. अप्पा, दुखणंही थांबलं. तुम्हाला कसं सांगू, सहा वर्षांत पहिल्यांदा मी महिनाभर सरळ पाठीनं चालले. दुसऱ्या महिन्यात सकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या. सासूबाई न्हाणीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. माझ्या तोंडाकडं बघितलं, बोटं मोजली आणि म्हणाल्या, "आगं बया!" एवढंच. पण त्या दिवशी त्यांनी माझ्या हातून दळणाची पाटी काढून घेतली. मग काय विचारता! दुधावरची साय मला. बसायला पाट मला. आळीतल्या बायका येऊन डोळ्यावरून मुलगा का मुलगी सांगायला लागल्या. मामंजी बाजारातून कवठं आणायचे आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवून म्हशीला सांगायचे, "कवठ बरं असतंय म्हनं अशात." नवरा रात्री पाय दाबून द्यायचा. मी गूळ घालून कवठ खायची आणि रोज न चुकता एक गोळी घ्यायची.

चौथ्या महिन्यात ओटी भरायची तयारी सुरू झाली. पेटीतून हिरवी साडी काढताना सासूबाईंना पाकीट सापडलं. नवरा ते घेऊन चौकातल्या औषधाच्या दुकानात गेला. दुकानदारानं सगळ्या गिऱ्हाइकांसमोर हसत हसत सांगितलं असणार. परत आला तेव्हा त्याचं तोंड मी आजपर्यंत विसरले नाही. राग नव्हता. लाज होती.

तुम्हाला निरोप गेला. तुम्ही दुपारच्या गाडीनं आलात, कोटाच्या खिशात पेन, हातात ती खाकी पिशवी. ओसरीवर नवरा, मामंजी, चुलत सासरे. मी आणि सासूबाई दाराआड. सासूबाईंचा आवाज थांबत नव्हता. "आमी हिला फुलावानी जपलं. तोंडातला घास काढून दिला. आन् ही भवानी वंशाला नख लावत बसली व्हय! रोज एक गोळी! रोज!" नवरा म्हणाला, "कशाच्या गोळ्या हायत, तुमीच सांगा आता. तुमी तर त्याच धंद्यातले." तुम्ही तोंड उघडलंत. तुम्हाला ते सगळं सांगायला पाळी हा शब्द उच्चारावा लागला असता, पिशवी म्हणावं लागलं असतं, व्याह्यांसमोर, जावयासमोर, आपल्या लेकीचं. दवाखान्यात तुम्ही असले शब्द इंग्रजीत वहीत लिहायचात. मराठीत तुमच्याकडं ते नव्हतेच. तुम्ही म्हणालात, "पोटदुखीच्या हायत."

"खोटं बोलताय," चुलत सासरे म्हणाले. "दुकानदार काय येडा हाय?"

मी दाराआडून पुढं झाले. मी सांगणार होते, शपथेवर. एक पाऊल ओसरीवर टाकलं आणि तुम्ही मान न वळवता म्हणालात, "सुम्मनिरु." त्या घरात दुसऱ्या कुणालाही ते कळलं नाही. मामंजी तेवढे माझ्याकडं बघत होते. त्या पूर्ण दुपारी ते एक अक्षर बोलले नाहीत, म्हशीशीसुद्धा नाही. गोळ्या बंद झाल्या. तिसऱ्या दिवशी पाळी आली, तेव्हा मी आपल्या घरात होते, चुलीपाशी, आणि वीट तापत होती.

एकदाच तुम्ही मला बोललात. महिनाभरानं मी म्हटलं, "अप्पा, परत जाऊन त्यांना नीट सांगा ना." तर भाकरी थापता थापता तुम्ही ओरडलात, "आता? चार महिने त्या घरात होतीस, तुझ्या तोंडाला काय कुलूप होतं?" मग लगेच पिठाचे हात तसेच कपाळाला लावून खाली बसलात. "तुझी काय चूक. लेकरू तू. तुला काय कळलं असणार त्या बाईंचं बोलणं. मीच येऊन सांगायला पाहिजे होतं, गोळ्या देताना." त्यानंतर शेजारच्या मावशीलाही तुम्ही हेच सांगताना मी ऐकलं, पोरीला कळलं नव्हतं, चूक बापाची. सहा महिन्यांनी तुम्ही दवाखान्यातच, बाटलीला बूच लावता लावता गेलात.

मग मी फिरत राहिले. लोक म्हणतात पाय थांबत नाहीत हिचे. पाय माझे थांबले असते, पण कुणी म्हणायचं अमक्या गावी औषध आहे, की मी निघाले. पोटासाठी काहीतरी काम हवं म्हणून एका तंबू टॉकीजबरोबर हिंडले, बायकांच्या बाजूला तिकिटं फाडायला. करमाळ्याच्या वैद्यानं काढा दिला, त्यानं तोंडाची चव गेली, बाकी काही गेलं नाही. एका हकिमांनी नाडी बघून सांगितलं, बेटी, तुला कुणाचा तरी राग आहे. म्हटलं, आहे, पुढं काय? तर पुढं काही नाही. मिरजेला एका दवाखान्यात आया म्हणून राहिले. मुद्दाम बाळंतिणींच्या वॉर्डात, म्हणजे डॉक्टर आयते भेटतील. तिथल्याच एका बाई डॉक्टरनं मला पुण्याला धाडलं. दुर्बिणीनं बघून नाव सांगितल्यावर मी त्या डॉक्टरांना विचारलं, ह्याच्यावर चांगलं काय आहे? ते म्हणाले, परदेशात आता एक नवी कॅप्सूल आलीय, मी फक्त वाचलंय. घेतली तर आवाज घोगरा होतो, ओठावर केस येतात, सोडली की दुखणं परत येऊ शकतं. "तरी द्या की," मी म्हटलं. ते हसले. वाईट हसले नाहीत. म्हणाले, "आपल्याकडं यायला वेळ आहे. आणि आली तरी पक्की ती नव्हेच. अजून शोधतायत लोक."

शोधतायत. हा शब्द घेऊन मी सोलापूरला आले. कोण शोधतंय, कुठं बसून शोधतंय, त्यांना घाई आहे का, हे कुणाला माहीत नाही. इथल्या डॉक्टरांनाही मी खोदून खोदून विचारलं. आता त्या गाठी दोन्हीकडं आहेत, आतडं मागं चिकटलंय, मी महिन्यातले दहा दिवस उभी राहू शकत नाही. ते म्हणाले, सगळं काढलं तर बहुतेक थांबेल. बहुतेक. आणि थांबलं नाही तर? "मग माझ्याकडं दुसरं काही नाही, बाई." सरळ बोलले, ते बरं वाटलं. म्हणजे मूल तर जाणारच, आणि दुखणं जाईलच असं नाही. समोरच्या खाटेवरच्या बाईला काल सातवी मुलगी झाली. ती भिंतीकडं तोंड करून पडलीय. मी तिची मुलगी घेऊन वॉर्डात दोन चकरा मारल्या. आता बोलता बोलता कुठं चालले मी.

तीन आठवड्यांपूर्वी मी मोहोळला नवऱ्याच्या नावानं कार्ड टाकलं होतं. ऑपरेशन आहे, ह्या तारखेला, ह्या दवाखान्यात, तुमची सही पाहिजे, दुसरं काही नको. उत्तर आलं नाही. यायचं नव्हतंच. त्याची नवी बायको आहे, दोन पोरं आहेत. संध्याकाळी सिस्टर विचारेल, वडील कुठं? मी म्हणेन गुडघे. ती फॉर्म परत कपाटात ठेवेल, आणि मी उद्या ही खाट रिकामी करून परत कुठंतरी निघेन. अप्पा, खरं सांगायचं तर त्यातही थोडं बरं वाटतंय. पिशवी उद्या तरी जात नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं तेही नाही, म्हणून आता जे लिहायचं ते लिहिते. एवढ्यासाठीच सात वर्षं टाळलं. मला कळलं होतं. त्या बाई डॉक्टरांचा शब्द न् शब्द मला त्याच दिवशी कळला होता. सासूबाई न्हाणीच्या दाराशी 'आगं बया' म्हणाल्या तेव्हाही मी सांगू शकले असते, हे औषधाचं आहे. नाही सांगितलं. मला ते चार महिने हवे होते. साय हवी होती, पाट हवा होता, आणि अर्ध्या मनाला तर वाटत होतं की सगळे एवढं म्हणतायत तर असेलही पोटात कोणी. तुम्ही मोहोळच्या ओसरीवर माझ्यासाठी खोटे ठरलात आणि शेवटपर्यंत स्वतःला बोल लावत राहिलात. मी त्या चुलीपाशी बसून तुम्हाला तो लावू दिला. सुम्मनिरु म्हणालात म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. पण मी त्याच्या कितीतरी आधीपासून गप्प होते.

थांबा. आया आलीय. दारातूनच ओरडतेय, "उठ गं, आला एकदाचा तुजा बाप! खाली बाकावर बसलाय. सिस्टरनं इचारलं, तुमी हिचे वडील का, तर म्हनला व्हय. निस्तं व्हय, म्होरं काय बोलंना. कागूद मागतोय सहीला."

मी म्हटलं, "चेष्टा करू नको, मावशी."

खिडकीतून खाली बघितलं. पटका, धोतर, मांडीवर दोन्ही हात ठेवून एकटेच बसलेत. अप्पा, मामंजी आलेत.